जुनी छोटी टर्बो गाडी घेताना काय तपासावे

विदर्भातील तालुक्याच्या गावांत आता छोट्या टर्बो इंजिनाच्या जुन्या गाड्या सर्रास विक्रीला दिसतात. त्यांत २०२० पूर्वीच्या १२४८ सीसी डिझेल स्विफ्ट, डिझायर आणि ब्रेझा आहेत, तशाच ९९८ सीसी पेट्रोल टर्बोच्या व्हेन्यू आणि आय-ट्वेंटीही आहेत. या गाड्यांतील टर्बो सहसा आपणहून निकामी होत नाही. जुने तेल, धूळ आणि उष्णता या तिघांमुळे त्याचे आयुष्य घटते, म्हणून तपासणीही याच तिघांच्या मागावर राहून करावी.

टर्बोचे काम थोडक्यात समजून घेतले की पुढची तपासणी सोपी जाते. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र इंजिनात हवा दाबून भरते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बहुतेक टर्बोंमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर क्षणभर जरी तुटला तरी दांडा आणि त्याची बैठक घासली जाते.

पहिली पायरी गाडी पाहायला जाण्याआधीची आहे. आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे आणि शक्यतो सकाळी जावे. पोहोचताच बोनेट उघडून इंजिनाला हात लावून पाहावा. ते कोमट लागले तर थंड इंजिनाचा धूर आणि टायमिंग चेनचा, म्हणजे झडपा वेळेवर उघडवणाऱ्या साखळीचा, खडखडाट आपल्यापासून लपवला जात असण्याची शक्यता धरून चालावे. तेराशे सीसीच्या जुन्या डिझेल इंजिनांत, ऑइल वेळेवर बदलले नसेल, तर ही चेन सैल होते आणि पहिल्या स्टार्टला काही क्षण वाजते.

त्यानंतर ऑइल पाहावे, आणि या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. डिपस्टिक पांढऱ्या फडक्याने पुसून पुन्हा बुडवावी. डिझेल गाडीचे ऑइल काळे असणे हा दोष नव्हे, कारण ते बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते. परंतु बोटांत चोळल्यावर कचकच लागली किंवा करपल्याचा वास आला तर सावध व्हावे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर बीएस-६ या नव्या प्रदूषण-मानकाच्या डिझेल गाडीत धुरातील काजळी गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, चोंदलेला असू शकतो. गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करू शकत नाही आणि त्या प्रयत्नात वाया गेलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते.

‘कालच ऑइल बदललं जी’ असे विक्रेता म्हणाला, तर ऑइल भरण्याचे झाकण काढून टॉर्चने आत पाहावे. नवे ऑइल वरून स्वच्छ दिसते, पण झाकणाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या भागांवर डांबरासारखा गाळ बसलेला असेल तर तो एका बदलाने जात नाही. हाच गाळ टर्बोकडे जाणाऱ्या बारीक तेलनळीत अडकतो. म्हणून सर्व्हिसची बिले मागावीत आणि त्यांवर तारीख, किलोमीटर व ऑइलचा ग्रेड वाचावा. माझ्या मते ऐंशी हजार किलोमीटर चाललेली, पण बिले पूर्ण असलेली गाडी ही चाळीस हजार किलोमीटरच्या बिनकागदी गाडीपेक्षा केव्हाही बरी. वॉरंटी संपल्यावर अनेक गाड्यांत सुटे ऑइल भरले जाते आणि त्याची कुठेच नोंद राहत नाही. एक लिटर इकोबूस्ट इंजिनाची इकोस्पोर्ट पाहत असाल तर हे अधिकच खरे, कारण तिचा टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो आणि चुकीच्या ऑइलमुळे झडलेले त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

आता उष्णतेकडे वळावे. चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे इतर ठिकाणी खपून जाणारा कूलिंगचा दोष येथे गाडी रस्त्यात उभी करतो. इंजिन थंड असतानाच कूलंटची टाकी पाहावी. रंगीत कूलंटऐवजी बोअरचे साधे पाणी भरलेले असेल, तर आत क्षार आणि गंज जमलेला असणारच. नंतर बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून रेडिएटर आणि समोर दिसत असल्यास इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, पाहावा. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे चालून या पत्र्यांच्या फटींत कापसाचे तंतू अडकतात, त्यांवर धूळ बसते, पावसाळ्यात चिखल बसतो, आणि शेवटी नमद्यासारखा थर तयार होऊन हवा जाणेच थांबते. वणी-चंद्रपूर भागातील गाडीचा एअर फिल्टर तर काढूनच पाहावा. कोळशाच्या धुळीने फिल्टर काळा होणे स्वाभाविक आहे, पण फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या नळीत धूळ सापडली तर टर्बोची पाती झिजलेली असू शकतात.

मग दुसऱ्या कोणाला गाडी सुरू करायला सांगून आपण सायलेन्सरमागे उभे राहावे. हिवाळ्यातील पांढरी वाफ लगेच विरते, तिची काळजी नको; मात्र इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळत आहे. काळा धूर डिझेल गाडीत हवा कमी पडत असल्याचे सांगतो आणि त्याचे कारण बहुधा फाटलेला होज पाइप असते. निळ्या धुरासाठी एक कसोटी आहे. गाडी पाच मिनिटे नुसती सुरू ठेवावी, मग एकदम ॲक्सिलरेटर दाबावा. त्या वेळी निळा लोट निघाला तर टर्बोच्या सीलवर संशय घ्यावा.

यानंतर इंजिन बंद करून निवू द्यावे आणि ओळखीच्या मेकॅनिककडून टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून घ्यावा. आत तेलाचा हलका ओलावा चालतो, तेल साचलेले चालत नाही. दांडा बोटाने हलवल्यास बाजूला किंचित हलतो. आत-बाहेर जाणवण्याइतका हलला किंवा पाती आवरणाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बोचे काम निघणार हे निश्चित समजावे. विक्रेता पाइप काढू देत नसेल तर त्या हिशेबाने किंमत कमी सांगावी.

रस्त्यावर चार माणसे बसवून आणि एसी लावून तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून जोर लावून पाहावे. साधारण दोन हजार आरपीएमच्या आसपास ओढ सलग वाढली पाहिजे. हलकी शिट्टी चालते. सायरनसारखा चढता आवाज, धक्के किंवा अचानक मेलेला पिकअप चालत नाही. गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर लावल्यास टर्बोचा दाब कमी पडल्याचा पी०२९९ हा कोड दिसू शकतो. एकही कोड नाही, पण स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात, असे असेल तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी काढलेली असू शकते. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाडी बाजाराच्या गर्दीतून मुंगीच्या पावलाने चालवून पाहावी, कारण तिचे झटके मोकळ्या महामार्गावर कळत नाहीत.

टर्बो आधीच बदललेला असेल, तर बिलावर तेलनळी बदलल्याची किंवा साफ केल्याची नोंद शोधावी. ती नसेल तर जुना गाळ नव्या टर्बोलाही तेलावाचून ठेवू शकतो, आणि अशा गाडीचा सौदा ती नळी उघडून पाहिल्याशिवाय करू नये.