शाळा उघडण्यावरून पालकांत दोन तट पडले, तर सभा कशी चालवायची

कोविडसारख्या साथीत बंद पडलेली शाळा पुन्हा उघडायची वेळ आली, की सभा सुरू होताच ‘शाळा उघडावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा’ असं म्हणू नका. महापालिका शाळेतली पालकसभा फिसकटते ती बहुतेक इथेच. एकदा हात वर झाला की माणूस त्या हाताला बांधला जातो, आणि पुढचा तासभर मुलांचा विषय बाजूला पडून एकमेकांची उणीदुणी निघतात.

शिवाय हा प्रश्न सभेच्या हातात नसतोच. कोविडच्या काळात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला राज्यानं परवानगी दिली, तारीख मात्र स्थानिक प्रशासनावर सोडली, आणि ठाणे-नवी मुंबईत ती पुढे ढकलली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरी भागातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा कुलूप लागलं. कुलूप कधी काढायचं ते वरून ठरतं. एका वेळी किती मुलं बसवायची, कोणत्या दिवशी कोणी यायचं, आत कुठल्या दारानं सोडायचं, कोणाला ताप आला तर काय, आणि जो येणार नाही त्याच्या अभ्यासाचं काय, एवढं आपण ठरवू शकतो. सभा त्यासाठीच बोलवा, आणि निमंत्रणात तसं स्पष्ट लिहा.

शाळा व्यवस्थापन समिती ही त्यासाठीची हक्काची जागा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कागदावर. प्रत्यक्षात दुपारी बाराची वेळ ठेवली की तुर्भ्याच्या बाजारात पहाटेपासून राबलेली आई झोपलेली असते आणि रबाळ्याच्या कंपनीतला बाप पाळीवर. एक सभा संध्याकाळी सातनंतर आणि एक रविवारी, अशा दोन घ्या. विषय तेच, इतिवृत्त एकच.

सभेआधी टेप घेऊन वर्ग मोजा

निम्मी भांडणं आकडा नसल्यामुळे होतात. ‘जागा आहे हो’ आणि ‘कोंबणार मुलांना’ ही दोन्ही वाक्यं एकाच खोलीबद्दल बोलली जातात. म्हणून आदल्या दिवशी मुख्याध्यापक आणि दोन पालक, त्यातला एक उघडायच्या बाजूचा नि एक विरोधातला, असे तिघं मिळून मोजणी करा.

समजा खोली २० फूट रुंद, २५ फूट लांब आहे. फळ्यापासून पहिल्या मुलापर्यंत ६ फूट सोडा. दोन मुलांच्या डोक्यांत ६ फूट आणि भिंतीपासून १ फूट धरलं, तर आडव्या चार नि उभ्या चार, म्हणजे १६ मुलं बसतात. मधे खांब किंवा कपाट आलं की १२ वर या. पट ४५ असेल तर १६ च्या हिशेबानं तीन गट लागतील, १२ च्या हिशेबानं चार; दोन गटांत निभणार नाही. जुलै २०२१ च्या राज्याच्या सूचनांतही एका बाकावर एकच मुलगा आणि वर्गात १५ ते २० मुलं असंच होतं. प्रत्येक जागी जमिनीवर खडूनं फुली मारा आणि त्याचा फोटो सभेत दाखवा. फोटो पाहिला की ‘कोंबणार’ हा शब्द आपोआप मागे पडतो, किंवा खरा असेल तर सगळ्यांना दिसतो.

हवेची परीक्षा

सॅनिटायझरची बाटली सगळ्यांना दिसते, हवा दिसत नाही. म्हणून पैसे बाटलीवर जातात. कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, तेव्हा क्रम उलटा हवा.

दारं-खिडक्या उघडून, पंखा बंद ठेवून वर्गाच्या मधोमध उदबत्ती लावा. धूर एका बाजूला सरकत खिडकीकडे गेला तर वारा खेळतोय. सरळ वर जाऊन छताखाली रेंगाळला तर समोरासमोर उघडं काहीच नाही. अशा खोलीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवल्याशिवाय वर्ग भरवू नका. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र कुणाकडून मिळालं तर उत्तमच. बाहेरच्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो. मुलं बसल्यावर चाळीस मिनिटांनी तो १००० च्या वर गेला तर सगळ्यांना पाच मिनिटं व्हरांड्यात काढा. यंत्र खिडकीजवळ किंवा मुलाच्या तोंडासमोर ठेवू नका. स्वस्त यंत्रांपैकी काही हा वायू मोजतच नाहीत, नुसता अंदाज सांगतात. शेजारी सॅनिटायझर चोळलं की आकडा उडी मारतो. घेताना इन्फ्रारेड सेन्सर आहे का ते विचारा.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची. झड आत येते, वह्या भिजतात, शिक्षक खिडक्या लावतात. झड बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते. तेवढ्याच खिडक्यांना बाहेरून पत्र्याची तिरकी झडप लावा, पूर्वेच्या खिडक्या आणि दार उघडं ठेवा. मास्क ओला झाला की बदलायचा, म्हणून दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सुका मास्क हवाच. पाच वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना मास्क नको, असं केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांत होतं.

सभेत

फळ्यावर दोन रकाने आखा: ‘कशाची भीती’ आणि ‘कशाचं नुकसान’. नावं लिहू नका. बोलणं साधारण असं येतं:

‘सर, घरात सासूबाई आहेत, दम्याच्या. एकाच खोलीत झोपतो आम्ही. पोरानं काही आणलं तर?’

‘ताई, तुमचं बरोबर आहे. पण माझा पोरगा सहा महिने नुसता गल्लीत फिरतोय. फोन त्याचे पप्पा कामावर घेऊन जातात, अभ्यास कशावर करणार?’

इथे अध्यक्षांनी घाई करून तोडगा काढू नये. दोन्ही वाक्यं आपापल्या रकान्यात लिहावीत. पहिल्या आईला दुसरी उत्तर देत नाही, कारण ती वेगळ्या प्रश्नाबद्दल बोलते आहे. पहिल्या आईच्या मुलाला घरी राहायची मुभा आणि आठवड्याची छापील स्वाध्यायपत्रिका लागते. दुसऱ्या आईच्या मुलाला बाक लागतो. दोन्ही एकाच शाळेत होऊ शकतं. बहुमतानं ठरवलं तर एकीचं पोर हरतं, आणि त्याची काही गरज नसते.

एकाला तीन मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चित्रफीत सभेत लावू देऊ नका. तिच्यामागे निम्मा वेळ जातो.

संमतीपत्र सभेतच वाचून दाखवा. ‘मुलाला काही झाल्यास सर्वस्वी जबाबदारी पालकांची’ हे वाक्य त्यात असेल तर सह्या तिथेच थांबतात, आणि थांबाव्यातच. त्याऐवजी शाळा काय करेल (खिडक्या, पाणी, गट, ताप आल्यास फोन) आणि पालक काय करतील (आजारी मूल घरी ठेवणं, चालू असलेला फोन नंबर देणं) असे दोन परिच्छेद लिहा. खाली तीन चौकटी ठेवा: पाठवणार, आत्ता नाही, पंधरा दिवसांनी सांगतो. तिसरी चौकट नसली की डळमळीत पालक ‘नाही’वर खूण करतो आणि मग मागे यायला लाजतो. सही कधीही मागे घेता येईल, हेही लिहा.

गट पाडताना

हजेरी क्रमांकानं सम-विषम करणं कागदावर सोपं असतं. पण थोरली सोमवारी आणि धाकटा मंगळवारी आला, तर आईला रोज शाळेच्या फेऱ्या. आधी भावंडं एका दिवशी घ्या, मग एका रिक्षातली मुलं, उरलेल्यांना क्रमांक लावा. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना दोन दिवसांऐवजी तीन दिवस द्या. यावर कुरकुर होते. सहन करा.

एकाच इमारतीत सकाळी मराठी आणि दुपारी हिंदी किंवा उर्दू माध्यमाची शाळा भरत असेल, तर खरी गर्दी वर्गात नसते, साडेबाराला फाटकावर असते. दोन पाळ्यांत निदान वीस मिनिटं सोडा. इयत्तांना दहा-दहा मिनिटांच्या फरकानं सोडा, दोन फाटकं असतील तर एक येण्याचं, एक जाण्याचं.

कुलूप काढण्याआधी

टाकी धुवा, प्रत्येक नळ पाच मिनिटं वाहू द्या. बाकांसाठी १ टक्का हायपोक्लोराइट लागतं, म्हणजे ५ टक्क्यांचं एक माप आणि पाणी चार मापं. मुलं यायच्या आत पुसून बाकं कोरडी होऊ द्या. संडासाच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

कपाळावर धरायची तापमापी उन्हातून आलेल्या मुलाला खोटा ताप दाखवते. पाच मिनिटं सावलीत बसवून पुन्हा मोजा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर तळमजल्यावर खिडकीपाशी बसवा, एक मोठं माणूस सोबत ठेवा, घरी फोन करा. बाधित मुलाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, हा ठराव आधीच सूचक-अनुमोदकांसह इतिवृत्तात घ्या. नंतर घेतला तर तो कुणाला तरी वाचवायला घेतल्यासारखा दिसतो.

पंधरा दिवसांनी

पुन्हा सभा. हजेरीपट घेऊन बसा आणि एकदाही न आलेल्यांची यादी करा. त्यात ‘आत्ता नाही’ म्हणणारे वेगळे आणि फोनच न उचलणारे वेगळे. दुसऱ्या यादीतली बरीच कुटुंबं भाडं परवडेना म्हणून गावी गेलेली असतात, नंबरही बदललेले असतात. दिघा किंवा कळव्याच्या चाळीत शेजारच्या घरी विचारलं की पत्ता लागतो. फोन करून भागत नाही. कुटुंब परत आलं आणि मुलाकडे मधल्या शाळेचा दाखला नसला, तरी त्याला बसवून घ्या. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ते शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा तास घेऊन भरून काढा.