नवी माउंटन बाईक घेतलीत? मग निदान या चुका तरी टाळा

नवशिक्यांबरोबर ट्रेलवर गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एंट्री लेव्हल आहे ना, म्हणून असं होतं." घसरली तर टायर हलके, चेन उतरली तर गिअर हलके, चढावर दम लागला तर फ्रेम जड. बहुतेक वेळा बाईकचा काही दोष नसतो. आहे तीच बाईक नीट वापरली तर निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतात. पण तेवढी उसंत कुणाला नसते. अपग्रेडचे व्हिडिओ बघायला मात्र असते.

सगळ्यात जुनी आणि अजूनही रोज दिसणारी चूक म्हणजे टायर टणक फुगवणं. टायरच्या कडेवर ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असा काहीतरी आकडा छापलेला असतो. ती कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरा असा सल्ला नाही. डांबरी रस्त्यावर जास्त हवेने बाईक हलकी पळते, म्हणून लोकांना वाटतं तीच मातीवरही बरी.

आमच्या ग्रुपमध्ये एक जण नवीन आला होता. सुट्या खडीवरच्या एका डाव्या वळणावर त्याचं पुढचं चाक दर फेरीला बाहेर सरकायचं, आणि तो पाय टेकून कसाबसा वाचायचा. शेवटी कोपर सोलून घेतलं आणि तिथेच झाडाखाली बसून मोबाइलवर नवे टायर शोधायला लागला. मी टायर अंगठ्याने दाबून पाहिला, तर दबेच ना. गेज लावला, काटा साठाच्या पुढे. व्हॉल्व्हची टोपी काढून नखाने मधली पिन दाबून धरली. हवा बराच वेळ फुसफुसत राहिली आणि हा शेजारी उभा राहून "अरे बस, बस, पंक्चर होईल" म्हणून हैराण. २८ वर आणून सोडली. त्याच वळणावर पुन्हा गेला, चाक जागचं हललं नाही. टायर तरीही त्याने पुढच्या आठवड्यात बदललेच, आणि तेही साठपर्यंत फुगवून आणले.

कारण साधं आहे. मऊ टायर दगडावर दबतो, त्याच्या आकाराप्रमाणे पसरतो, म्हणून पकड मिळते. टणक टायर त्याच दगडावरून उसळतो, आणि हवेत असलेल्या चाकाला कसली पकड! २.१ ते २.३ इंची टायर, आत ट्यूब, आणि चालवणाऱ्याचं वजन ६५-७५ किलो असेल तर पुढे २६ ते २८ आणि मागे २८ ते ३२ पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून तिथे थोडी जास्त. फार कमी केलीत तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चेचली जाते; पंक्चर काढताना शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या की समजा हेच झालंय. मी दोन-दोन पीएसआय कमी करत जातो. एखाद्या दगडावर रिम लागल्याचा ठक् आवाज आला की पुन्हा दोन-तीन वाढवतो आणि तो आकडा डोक्यात ठेवतो. गेज मात्र नेहमी एकच वापरायचा, भले तो थोडा चुकीचा का दाखवेना. "बोटाने दाबून कळतं आपल्याला" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दुसरी माझी नावडती गोष्ट म्हणजे पुढच्या ब्रेकची भीती. कुणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पलीकडे. मग उतारभर मागचं चाक घासत, धुरळा उडवत यायचं. दिसायला भारी दिसतं, पण ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. बाईक खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक. फक्त तो एका बोटाने, हळूहळू दाबायचा, कंबर मागे नेऊन, आणि वळणात शिरायच्या आधी. वळणाच्या मध्यावर घाबरून करकचून दाबलात तर मात्र त्या सांगणाऱ्याचं खरं होईल. आधी सपाट मैदानात सराव करा, आणि कुठल्या हाताला कुठला ब्रेक आहे तेही तिथेच बघून घ्या. सगळ्या बाईकवर सारखं नसतं.

घरी जोडणी करणाऱ्यांसाठी: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. राइट बंधूंनी १९०० साली आपल्या सायकलींवर हीच युक्ती वापरली होती, चालवता चालवता पेडल सुटू नये म्हणून. पेडलची दांडी पोलादी, ती ज्यात बसते तो क्रँक (पेडलचा दांडा) ॲल्युमिनियमचा; जबरदस्ती केली की क्रँकचेच आटे जातात. लक्षात ठेवायचं तर पान्याचा वरचा दांडा बाईकच्या तोंडाकडे फिरवला की दोन्ही पेडल आवळतात. सुरुवात बोटांनी करा. पहिले चार आटे बोटांनी जात नसतील तर पाना हातात घेऊ नका.

उतारावर सीट खाली करा. दोन्ही पेडल समान उंचीवर, पार्श्वभाग सीटवरून उचललेला.

चढ लागायच्या आधी गिअर हलका करा. पायावर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की जो कडाड् आवाज येतो, तो चेनचा असतो.

फोर्कचं लॉकआउट, म्हणजे पुढचं सस्पेन्शन दाबलं जाऊ नये म्हणून लावायची कळ, चढून झाल्यावर उघडायचं असतं. "सस्पेन्शन काम करत नाही" या तक्रारीचं उत्तर अनेकदा एवढंच.

चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर उडाला की ब्रेक गेलाच म्हणून समजा. रोटर, म्हणजे ती डिस्क, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, तेल प्यायलेले पॅड बहुतेक बदलावेच लागतात. मी स्प्रे वापरतच नाही. बाटलीतून एकेका कडीवर एकेक थेंब, मग फडक्याने जास्तीचं पुसून काढायचं. वेळ लागतो. लागू दे.

नव्या बाईकच्या केबल थोड्याच दिवसांत सैल पडतात आणि गिअर अडखळतात. मागच्या मोठ्या चक्रावर चेन चढायला कुरकुर करत असेल तर मागच्या डिरेलरपाशी (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबल शिरते तिथला गोल नट डावीकडे पाव फेरा फिरवा आणि चालवून बघा. लगेच लिमिट स्क्रूला (डिरेलर किती दूर सरकेल ते ठरवणारा स्क्रू) हात घालणारे लोक चेन स्पोकमध्ये घालवतात.

उड्या. मॅन्युअलमध्ये बाईकचा वर्ग लिहिलेला असतो, तो वाचत कुणीच नाही. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या वर्गवारीत दुसऱ्या वर्गाची बाईक १५ सेंटीमीटरपर्यंतच्या उडीसाठी असते, तिसऱ्या वर्गाची ६१ सेंटीमीटरपर्यंतच्या. ट्रेलवर चालवायला शिकून महिना झाला नाही तोच कठड्यावरून उडी मारून व्हिडिओ टाकणाऱ्यांनी निदान आपला वर्ग तरी बघावा.

आणि बाईक उजव्या बाजूवर आडवी टाकू नका. त्या बाजूला डिरेलर असतो, आणि तो ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या हँगरवर बसतो तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. जरासा वाकला की कितीही ॲडजस्ट करा, गिअर जागेवर बसत नाहीत. अनेक मॉडेलचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो, तेव्हा बाईक घेतानाच एक जास्तीचा मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.