परदेशातील परवडणारे खासगी वैद्यकीय महाविद्यालय कसे निवडावे

नीटचा निकाल लागला की लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे ‘परदेशात एमबीबीएस’चे मेळावे भरू लागतात. तेथून परतलेले पालक आमच्याकडे, म्हणजे लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाकडे, रंगीत माहितीपत्रके घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात : “सर, यातलं सगळ्यात स्वस्त कोणतं?” प्रश्न रास्त आहे, कारण विचारणाऱ्याच्या घरी बहुधा पाच-सात एकर कोरडवाहू शेती आणि सोयाबीनच्या भावावर चालणारा संसार असतो. मात्र शुल्काच्या तक्त्यातील सर्वांत लहान आकडा म्हणजे स्वस्त महाविद्यालय नव्हे. मुलाच्या हातात महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे कायम नोंदणी प्रमाणपत्र पडेपर्यंत एकूण जितका पैसा आणि जितकी वर्षे लागतात, ती त्या महाविद्यालयाची खरी किंमत होय. पुढील सर्व तपासणी त्याच हिशेबाने करावी.

सुरुवात शुल्कापासून नव्हे, नियमांपासून करावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियमावली अधिसूचित केली आणि त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांना ती लागू आहे. तिच्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असला पाहिजे, तो एकाच संस्थेत पूर्ण झाला पाहिजे, त्याच संस्थेत त्याव्यतिरिक्त १२ महिन्यांची इंटर्नशिप झाली पाहिजे, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असले पाहिजे आणि प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत सर्व शिक्षण पूर्ण झाले पाहिजे. नीटमध्ये पात्र ठरणे तर अनिवार्यच आहे. परदेशातील प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. “नीट नसली तरी चालते, नंतर बघू” असे जो सांगेल, त्याच्या समोरून त्याच क्षणी उठावे.

महिन्यांचा हिशेब माहितीपत्रकावर न सोडता स्वतः करावा. ‘इंटर्नशिपसह पाच वर्षांत डॉक्टर’ ही जाहिरात ऐकायला गोड वाटते. परंतु पाच वर्षे म्हणजे ६० महिने, त्यातून इंटर्नशिपचे १२ वजा केले की ४८ उरतात आणि पदवी भारतात निरुपयोगी ठरते. फिलिपिन्समधील चार वर्षांच्या एमडी (तेथे आपल्या एमबीबीएसच्या जागी असलेल्या) अभ्यासक्रमाबाबत नेमका हाच पेच निर्माण झाला होता, कारण त्याआधीचा पूर्ववैद्यकीय पदवीचा काळ ५४ महिन्यांत धरला जात नाही. बांगलादेशात पाच वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, नेपाळमध्ये साडेचार वर्षे आणि त्यावर एक वर्ष, तर जॉर्जियात सहा वर्षांचा सलग कार्यक्रम अशी रचना आहे. सलग कार्यक्रम असेल तेथे इंटर्नशिपचे वर्ष प्रमाणपत्रावर वेगळे दाखवले जाते का, हे महाविद्यालयाकडून लेखी मागवावे.

याच नियमावलीतील एक अट पालकांच्या नजरेतून हमखास निसटते. ज्या देशात पदवी घेतली, त्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता आपल्या विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे आणि तेथील नियामक संस्थेकडे नोंदणी होऊ शकली पाहिजे. परकीय नागरिकाला परवानाच न देणाऱ्या देशातील पदवी कितीही स्वस्त असली, तरी ती घेऊ नये. आयोगाने मान्य केलेल्या परदेशी महाविद्यालयांची यादी आपल्याकडे आहे, असे एखादा सल्लागार सांगत असेल, तर तेही खोटे आहे. आयोग अशी शिफारस करत नाही, अटी पूर्ण होतात की नाही हे तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावरच टाकतो. जागतिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या निर्देशिकेत नाव असणे आवश्यक समजावे, पुरेसे नव्हे. त्या निर्देशिकेतील नोंद म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याची नोंद आहे, तिच्या गुणवत्तेची पावती नाही.

एवढ्या चाळणीतून चार-पाच नावे उरली की रुग्णालयाकडे वळावे. खासगी महाविद्यालयाच्या बाबतीत माझ्या मते हाच निर्णायक मुद्दा आहे, कारण काचेची इमारत, थ्रीडी शरीररचनेचा पडदा आणि वातानुकूलित वर्ग पैशांनी उभे करता येतात, पण वॉर्डात रुग्ण आणता येत नाहीत. रुग्णालय महाविद्यालयाच्या मालकीचे आहे की दुसऱ्या रुग्णालयाशी केवळ करार आहे? करार असेल तर किती वर्षांचा आणि एकाच वेळी किती महाविद्यालयांची मुले तेथे जातात? बांगलादेशात खासगी महाविद्यालयाला ५० विद्यार्थ्यांमागे २५० खाटांचे रुग्णालय बाळगावे लागते, म्हणजे एका विद्यार्थ्यामागे पाच खाटा. इतर देशांतील महाविद्यालयालाही हाच मापदंड लावून पाहावा आणि खाटा किती आहेत याबरोबरच त्यांतील भरलेल्या किती, हेही विचारावे.

माझ्या पुतणीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही दोन महाविद्यालयांपर्यंत येऊन अडलो होतो. दोन्हीकडे शिकणारी मराठवाड्यातील मुले आम्ही सल्लागाराकडून नव्हे, तर त्यांच्या गावाकडील नातेवाइकांकडून शोधली आणि प्रत्येकाला एकच विनंती केली : कामकाजाच्या दिवशी सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल लावून बाह्यरुग्ण विभागातून एक फेरी मार. पहिल्या महाविद्यालयात चकचकीत फरशी दिसली, नोंदणीच्या खिडकीपाशी दोन माणसे उभी होती आणि मेडिसिनच्या वॉर्डात ताणून बसवलेल्या चादरींच्या रिकाम्या खाटांची रांग होती. दुसऱ्या ठिकाणी भिंतीचा रंग उडालेला होता, परंतु औषधांच्या खिडकीपाशी आपल्या घाटी रुग्णालयात असते तशी रेटारेटी चालू होती, व्हरांड्यात सलाइनची बाटली हातात धरून एक नातेवाईक उभा होता आणि प्राध्यापक सात-आठ मुलांना घेऊन एका वृद्धाच्या पोटावर हात ठेवून काहीतरी समजावत होते. त्या सात मिनिटांत निर्णय झाला. दुसऱ्या महाविद्यालयाचे शुल्क अधिक होते, तरीही.

रुग्णाची भाषा हा याच मुद्द्याचा दुसरा पदर आहे. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असले तरी खाटेवरचा माणूस इंग्रजीत कण्हत नाही. बांगलादेशात रुग्ण ‘पेटे ब्यथा’ म्हणतो आणि मराठी मुलाला व्यथा पोटात आहे हे पहिल्याच दिवशी उमगते; नेपाळी तर देवनागरीतच लिहिली जाते. याउलट किर्गिझस्तान किंवा कझाकस्तानमध्ये रशियन आणि तेथील स्थानिक भाषा, तर जॉर्जियात स्वतंत्र लिपीची जॉर्जियन शिकल्याशिवाय रुग्णाचा पूर्वेतिहास घेता येत नाही. तेथे जाऊच नये असा याचा अर्थ नाही. मात्र महाविद्यालय पहिल्या दोन वर्षांत ती भाषा गांभीर्याने शिकवते का आणि तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी दुभाष्याविना रुग्णाशी बोलू शकतो का, याची खात्री करून घ्यावी.

परतल्यानंतरचा अडथळा म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते, ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात. नियमावलीत या परीक्षेची जागा ‘नेक्स्ट’ ही राष्ट्रीय निर्गमन परीक्षा घेईल असे म्हटले आहे, पण ती सुरू होईपर्यंत हीच द्यावी लागते. बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण तिशीच्या आतच राहिले आहे. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने महाविद्यालयनिहाय निकाल प्रसिद्ध केलेले आहेत आणि ते मोफत पाहता येतात. सल्लागाराने छापलेल्या टक्केवारीऐवजी हाच मूळ तक्ता उघडावा. तो वाचताना केवळ टक्के पाहू नयेत. पाच विद्यार्थी बसले आणि तीन उत्तीर्ण झाले तर साठ टक्के होतात, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. किमान शंभर-दीडशे विद्यार्थी बसलेले असावेत आणि सलग तीन-चार वर्षांचा कल पाहावा.

आता पैशांचा हिशेब, आणि तो कागदावर मांडावा. समजा, पहिल्या महाविद्यालयाचा राहण्या-जेवण्यासह एकूण खर्च २४ लाख आणि दुसऱ्याचा ३४ लाख आहे. पहिल्याचा निकाल कमकुवत असल्यामुळे मुलाला परतल्यानंतर परीक्षा उत्तीर्ण होण्यास दोन वर्षे अधिक लागली, तर शिकवणी आणि राहण्याचे ५ लाख, शिवाय २४ लाखांच्या कर्जावर १० टक्के दराने दोन वर्षांचे व्याज ४.८ लाख, असे मिळून ३३.८ लाख होतात. दहा लाखांचा फरक वीस हजारांवर आला, आणि वाया गेलेल्या दोन वर्षांची कमाई अजून धरलेलीच नाही. माहितीपत्रकात नसलेले खर्चही याच कागदावर घ्यावेत : व्हिसाचे दरवर्षीचे नूतनीकरण, विमा, परीक्षा शुल्क, फेरपरीक्षेचे शुल्क, वर्षाकाठी एक विमानप्रवास आणि थंड प्रदेशात खोली उबदार ठेवण्याचे वेगळे बिल.

शुल्क बहुधा डॉलरमध्ये असते. २०२१ च्या मध्यास सुमारे ७४ रुपयांना मिळणारा डॉलर डिसेंबर २०२४ मध्ये ८५ च्या पुढे गेला, म्हणजे वर्षाला ४,००० डॉलर भरणाऱ्या कुटुंबावर काहीही न बदलता वर्षाकाठी ४४ हजारांचा भार वाढला. म्हणून अंदाजपत्रकात रुपयाची घसरण धरूनच चालावे आणि प्रवेशपत्रावर सर्व वर्षांचे शुल्क निश्चित लिहिलेले आहे का, ते पाहावे. नेपाळी रुपयाचा दर भारतीय रुपयाशी १.६ असा बांधलेला आहे, परंतु महाविद्यालय शुल्क कोणत्या चलनात घेते हे तेथेही विचारावेच लागते.

कर्जाच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज वारंवार दिसतो. शेतकरी वडील सातबारा घेऊन बँकेत जातात आणि निराश होऊन परततात. थकलेल्या कर्जासाठी बँकांना तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा तयार नसतात. अकृषिक भूखंड, घर किंवा मुदत ठेव मागतात. हे प्रवेशाचे पैसे भरल्यानंतर कळले तर सावकाराच्या दारात उभे राहण्याची वेळ येते. म्हणून महाविद्यालय निश्चित करण्यापूर्वी बँकेकडून तत्त्वतः मंजुरी लेखी घ्यावी. कर्जाच्या व्याजावर आयकर कायद्यात वजावट मिळते; जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या नोकरदार पालकांनी तिची चौकशी करावी.

सल्लागार घेऊच नये, असे मी म्हणत नाही. कागदपत्रे, अपोस्टील (कागदपत्रे परदेशात ग्राह्य ठरवणारे सरकारी प्रमाणीकरण), व्हिसा यांत प्रामाणिक माणसाची मदत होते. परंतु आमच्याच कुटुंबात पहिल्या वेळी ‘सीट ब्लॉक’ करण्यासाठी दिलेले साठ हजार रुपये कधीही परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर फक्त ‘सेवा शुल्क’ एवढेच लिहिलेले होते आणि आम्ही ते घरी येऊन वाचले. म्हणून सल्लागाराचे मानधन आणि महाविद्यालयाचे शुल्क या दोन रकमा पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात. शुल्क आपल्या बँकेतून थेट विद्यापीठाच्या नावे असलेल्या खात्यावरच पाठवावे. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा रोखीने एक रुपयाही देऊ नये. व्हिसा नाकारला गेला, तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे करारात आकड्यांत लिहून घ्यावे. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ‘प्रक्रियेसाठी’ म्हणून कुणाच्या कपाटात ठेवू नये. त्यांच्यावाचून मुलाला दुसरा मार्ग धरता येत नाही आणि नेमके हेच काही जणांना हवे असते.

देशाच्या स्थैर्याचाही विचार व्हावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून, मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथील हल्ल्यांनंतर आणि जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातील आंदोलनाच्या काळात आपली मुले घाईघाईने परतली. असे संकट आधी ओळखता येत नाही, मात्र एकाच संस्थेत शिक्षण पूर्ण करण्याच्या अटीमुळे मध्येच महाविद्यालय बदलणे जवळजवळ अशक्य असते, हे ध्यानात ठेवून सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवावी. तेथे पोहोचल्याबरोबर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंदणी करावी, म्हणजे दूतावासाला त्याचा पत्ता माहीत राहतो.

शेवटी, निघण्याच्या दिवसापासून एक फाइल सुरू करावी. प्रवेशपत्र, प्रत्येक वर्षाची शुल्काची पावती, बँकेतून रक्कम पाठवल्याचा कागद, हजेरीचा दाखला, वर्षनिहाय गुणपत्रिका आणि पासपोर्टच्या शिक्का पडलेल्या प्रत्येक पानाची प्रत तिच्यात लावत जावी. विद्यार्थी खरोखर वर्गात आणि वॉर्डात हजर होता, की घरी बसून ऑनलाइन शिकला, हे भारतातील नोंदणीच्या वेळी याच शिक्क्यांच्या तारखांवरून तपासले जाते. माझ्या पुतणीची अशी फाइल तीन इंच जाड झाली होती आणि नोंदणीच्या खिडकीवर तिच्यातील एकही कागद कमी पडला नाही.