ट्यूबचा (गर्भनलिकेचा) कॅन्सर निघाला तर घाई कुठे करायची आणि कुठे थांबायचं

पाळी जाऊन वर्षं झाली आणि आता पाण्यासारखं किंवा लालसर जायला लागलं, ओटीपोट दुखतंय, पोट सारखं फुगलेलं, तर वयाचं म्हणून अंगावर काढू नका गं. पॅप स्मिअर नॉर्मल आली तरी निर्धास्त व्हायचं नाही, ती तपासणी पिशवीच्या तोंडाची, ट्यूबची नाही. आतून सोनोग्राफी आणि रक्ताची सीए १२५ (अशा कॅन्सरचा अंदाज देणारी तपासणी) करून घ्या.

गाठ दिसली आणि संशय आला की कुणी "उद्याच काढून टाकू" म्हटलं तरी आधी गायनॅक ऑन्कोसर्जनला, म्हणजे बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरला दाखवा, हे मी कळकळीने सांगतेय. कारण हे नुसतं गाठ काढायचं ऑपरेशन नाही, बहुतेकदा पिशवी, दोन्ही ट्यूब, दोन्ही ओव्हरी, पोटातला चरबीचा पडदा सगळं काढतात आणि डोळ्यांना दिसेल असं काहीही मागे ठेवायचं नाही हाच प्रयत्न असतो. पसरलेलं जास्त असेल तर आधी केमो, मग ऑपरेशन, त्याने घाबरून जाऊ नका.

ऑपरेशन आधीच कुठे झालं असेल तर लॅबमधून नुसता रिपोर्ट नाही, काचेच्या स्लाइड्स आणि ब्लॉकही मागा. ब्लॉक म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवून बघा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. परळच्या टाटाला गेलात तर तिथे हे परत तपासतात.

उपचार ओव्हरीच्या कॅन्सरसारखेच, २०१४ पासून फिगोचं (स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना) स्टेजिंगही, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते ठरवायची पद्धत, दोन्हींचं एकच आहे, त्यामुळे ओव्हरीची माहिती वाचलीत तरी चालते. केमो बहुधा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर ३ आठवड्यांनी, साधारण ६ वेळा. मधे ताप १०० च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन.

खर्चासाठी भरती होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं विचारा.

आणि बीआरसीए टेस्ट (त्या नावाच्या जनुकांत दोष आहे का ते बघणारी) घरात कुणाला कॅन्सर नसला तरी करा. त्यावर ओलापॅरिबसारखी गोळी द्यायची का ते ठरतं, शिवाय दोष निघाला तर तो प्रत्येक मुलामुलीत यायची शक्यता ५० टक्के, तेव्हा बहिणी आणि मुलांनीही, हो मुलग्यांनीसुद्धा, जेनेटिक काउन्सेलरला भेटायचं.