बाहुलीचा केक: आधी तिची कंबर मोजा

बाहुली घरी आली की आधी मोजपट्टी काढा. नेहमीची फॅशन डॉल साधारण २९ सेंटीमीटर उंच असते आणि तिच्या कमरेपासून पावलांपर्यंत १७ सेंटीमीटरच्या आसपास भरतं. केक म्हणजे तिचा घागरा, म्हणून तो तेवढा उंच हवा. बाकी सगळं त्यानंतर.

"खोल बाऊलमध्ये केक भाजा आणि वरून बाहुली खोचा" हा सल्ला इंदूरच्या प्रत्येक हळदीकुंकवाला ऐकू येतो. कृपा करून ऐकू नका. बाऊलचा केक जेमतेम ८-१० सेंटीमीटर उंच होतो, बाहुली मांड्यांपासून उघडी राहते. मग कोणीतरी तिचे पाय कापायला सांगतं. केक संपल्यावर ती बाहुली वाढदिवसाच्या मुलीचीच होणार आहे, पाय कसले कापता! शिवाय खोल भांड्यात कडा वाळून जातात तरी मध्य कच्चाच असतो.

म्हणून ७ इंची दोन गोल केक आणि वरच्या भागासाठी एक लहान बाऊल. बिनअंड्याचा, कंडेन्स्ड मिल्कचा नेहमीचा स्पंज चालतो. दोन डब्यांचं मिश्रण लागेल. गोल केक १८० अंशांवर, बाऊल १६० वर जरा जास्त वेळ. गार करून, गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये.

आता खरी कसोटी. मीही इथेच पुष्कळ झुंजले आहे. रचलेल्या केकमध्ये बाहुली दाबून घालायची नाही, केक हमखास तडकतो. प्रत्येक थराला रचण्याआधीच मधोमध आरपार भोक पाडा. साडेचार सेंटीमीटर तोंडाचा छोटा स्टीलचा पेला घ्या आणि तो फिरवत खाली न्या. सगळ्यात खालच्या थरालाही भोक हवंच. बाहुलीची पावलं खालच्या बोर्डावर टेकली पाहिजेत. केकवर उभी केलेली बाहुली तासाभरात खचते आणि तिरपी होते.

थरांमध्ये क्रीम अगदी पातळ लावा. जाड लावलंत तर वरचा थर सरकतो. मग सुरीने वरून खाली थोडं थोडं तासत घेर काढा. भोकाभोवती दोन बोटं केक राहू द्या, नाहीतर कमरेपाशी कडं फुटतं. घेर हवा त्याहून बारीकच ठेवा, क्रीमने तो फुगतो.

बाहुली धुऊन पुसा, केस वर बांधा, कमरेपर्यंत क्लिंग फिल्म गुंडाळा आणि आत सोडा. उरलेली पोकळी केकच्या चुऱ्यात क्रीम मळून, लाडू वळतो तसं घट्ट करून भरा. केक उंच झाला असेल तर पावलांखाली बोर्डाचीच एक चकती सरकवा. आधाराला टूथपिक मुळीच नको. खाणारी पोरं लहान असतात. त्याच कारणासाठी ते चकाकते कडक साखरमोतीही नकोत.

सगळ्यावर क्रीमचा पातळ हात फिरवून अर्धा तास फ्रिजमध्ये. हा हात वगळला तर गुलाबी घागऱ्यावर चुरा दिसतो.

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी क्रीम फेटायचंच नाही. सकाळी लवकर, भांडं आणि पाती गार करून, क्रीममध्ये थोडे बर्फाचे कण असतानाच फेटा. रंग जेलचा आणि फिका. गडद लालसाठी इतका रंग ओतावा लागतो की क्रीम कडू लागतं.

झालरी स्टार नोझलने (क्रीमच्या पिशवीचं चांदणीसारखं टोक) खालून वर काढत जा, म्हणजे वरची ओळ खालचीवर पडते. पोलकं शेवटी.

पार्टीत केक ऐन वेळीच बाहेर काढा. औक्षण, फोटो झाले की आधी बाहुली सरळ वर ओढून काढा, मग वरचा भाग वेगळा करून कापा आणि खालचे थर नेहमीसारखे. वीसेक मुलांना पुरतो, कारण निम्म्यांनी आधीच कचोऱ्या हाणलेल्या असतात.