गेममधून पैसे गेले? आधी फोन हिसकावू नका

रविवारी दुपारी बँकेचा मेसेज येतो: ७९९ रुपये वजा. पाठोपाठ आणखी दोन. चिरंजीव सोफ्यावर गेम खेळतायत. बहुतेक घरांत पहिली चूक इथेच होते: फोन हिसकावायचा आणि पोराला झापायचं. राग येणारच हो, पण कुठली लिंक उघडली, ओटीपी कुणाला सांगितला, हे त्याच्या पोटातच राहतं. पुढच्या वेळी तर तो काही बोलतच नाही.

आधी पैसे गेले कसे ते बघा. पोराने गेममध्येच स्किन (खेळातल्या पात्राचा पोशाख) किंवा डायमंड (गेममधलं चलन) घेतले असतील तर ती खरेदी आहे, चोरी नव्हे. प्ले स्टोअरवरून झाली असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागता येतो. मिळेलच असं नाही. मग प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. आणि पोराचं बोट तुमच्या फोनच्या फिंगरप्रिंटमध्ये आहे का, तेही पाहा. ‘सारखा फोन उघडून दे म्हणतो’ म्हणून आपणच कधीतरी ते नोंदवलेलं असतं. मग पडताळणीलाही तेच बोट चालतं. कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची!

‘फ्री डायमंड’, ‘फुकट रोबक्स’ (रोब्लॉक्स गेमचं चलन) ही वेगळी भानगड. चॅटवर लिंक येते, हुबेहूब लॉगिनचं पान उघडतं, पोरगं पासवर्ड टाकतं आणि खातं गेलं. ते आईच्या फेसबुकवरून उघडलेलं असेल तर फेसबुकही धोक्यात. पासवर्ड लगेच बदला, पण दुसऱ्या फोनवरून. पोराने प्ले स्टोअरच्या बाहेरून एखादं ‘मॉड’ एपीके (गेमची फेरफार केलेली फाइल) टाकलेलं असेल तर त्याच फोनवर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे तोही चोराच्या हाती देणं. सगळीकडून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा.

खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर ‘सोमवारी बँकेत जाऊन बघू’ नको. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत असेपर्यंतच ते गोठवता येतात.

अनोळखी ‘दादा’ चॅटवर फोटो मागत असेल तर रागाच्या भरात गेम उडवू नका. गेमबरोबर चॅट आणि त्याचा आयडी दोन्ही हातचे जाऊ शकतात. आधी स्क्रीनशॉट घ्या, आयडी लिहून ठेवा, मग ब्लॉक करा.