एजंटला कळेल असं टूलचं वर्णन

"सोशल मीडियाचा डेटा आणतं" एवढंच टूलच्या वर्णनात लिहिलं, तर एजंट (म्हणजे हाताशी दिलेले छोटे प्रोग्रॅम, अर्थात टूल, स्वतः निवडून काम करणारा एआय) ते टूल कुठेही वापरतो. त्याऐवजी लिहा: "शब्दावरून सार्वजनिक पोस्ट शोधतं, एका वेळी जास्तीत जास्त 50, नवी आधी. प्रतिक्रियांसाठी दुसरं टूल वापरा."

खरी गोची तारखेत होते. समजा, एजंट पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीबद्दलच्या तक्रारी शोधतोय. ही मिरवणूक मध्यरात्रीनंतरही चालते. वेळ यूटीसीत (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर रात्री 12 ते पहाटे 5:30 च्या पोस्ट आदल्या दिवसात मोजल्या जातात. तारखेच्या पॅरामीटरच्या (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्याच्या) वर्णनातच नमुना द्या: '2025-09-07 02:15 +05:30'. शोधशब्दात 'लक्ष्मी रोड' आणि 'लक्ष्मी रस्ता' दोन्ही द्यायला सांगा.

रिकामी यादी म्हणजे पोस्ट सापडल्या नाहीत. टूल वापरण्याची मर्यादा संपली तर एरर येते. हा फरक लिहिला नाही, तर एजंट "तक्रारी नाहीत" असं बिनधास्त ठोकून देतो.